पाचपैकी दोन गुण

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझी बहीण मीनल दिल्लीत, मयूर विहारमधल्या तिच्या इमारतीच्या जिन्यात पडली. ती शाळेला निघाली होती. पावणेनऊ वाजता दवाखान्यात डॉक्टरांनी ती मेल्याचं सांगितलं. तिचं वय बावन्न होतं. मी त्या वेळी मिरजेत होते.

दुसऱ्या दिवशी मी दिल्लीत तिला अग्नी दिला आणि चौथ्या दिवशी परत आले. त्या खेपेला मी दिल्ली पाहिली असं म्हणता येणार नाही. एक फोन तेवढा आठवतो. स्मशानातून परतताना टॅक्सीत आला होता. तिच्या शाळेतल्या कोणी बाई होत्या, आवाज फार मऊ. मुलं लहान आहेत, परीक्षा जवळ आहेत, म्हणून आत्ता त्यांना एवढंच सांगतोय की मॅम लांब सुट्टीवर महाराष्ट्रात घरी गेल्यात. घरच्यांची हरकत नाही ना? मी म्हणाले, "आपको जो ठीक लगे."

हे मी बोलले. पुढचं सगळं वाचताना ते लक्षात ठेवावं. मी रागाने लिहिते आहे, आणि त्या रागात माझाही वाटा आहे.

मिरज

तीन आठवड्यांनी कुरिअरने एक जाड पाकीट आलं. वर मीनलचं नाव, खाली माझा पत्ता. मेलेल्या माणसाच्या नावापुढे सही करून मी ते घेतलं.

आत अडतीस पत्रं होती. सातवी 'क'च्या मुलांची, हिंदीतली. हिंदीच्या बाईंनी पत्रलेखनाचा धडा घेतला होता, विषय दिला होता, 'छुट्टी पर गई अध्यापिका को पत्र', आणि मग ऑफिसातल्या कोणीतरी, आपलंच खोटं खरं मानून, ती पत्रं पोस्टात टाकावीत तशी पाठवून दिली होती. पाठवण्याआधी ती तपासलेली होती. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात लाल शाईने गुण होते, पाचपैकी.

'मॅम, आपके यहाँ आम के पेड़ हैं क्या?' साडेतीन. 'मॅम, आपके बिना अलमारी बंद है. चाबी आपके पास है क्या?' चार. 'मॅम, मैंने वो वाली किताब खत्म कर ली, बहन मर जाती है, आपने बताया क्यों नहीं था. मुझे बहुत गुस्सा आया. जल्दी आओ, आपसे लड़ना है.' साडेचार, आणि 'लड़ना' खाली लाल रेघ.

मी ती पत्रं जेवणाच्या टेबलावर मांडून संध्याकाळपर्यंत वाचत बसले. एकतिसावं पत्र कोरं होतं. वर उजवीकडे पत्ता, खाली तारीख, 'आदरणीया मीनल मॅम, सादर प्रणाम', मग संपूर्ण पान रिकामं, आणि तळाशी 'आपकी शिष्या, रेवा'. कोपऱ्यात शेरा: 'प्रारूप ठीक. विषयवस्तु अधूरी.' पाचपैकी दोन.

रेवाला मी ओळखत होते. मीनलच्या शेजारच्या शुभांगीवहिनींची मुलगी. रोज मीनलबरोबर शाळेला जायची. त्या बुधवारी जिन्यात ती मीनलच्या दोन पायऱ्या मागे होती.

मी तिकीट काढलं.

मयूर विहार

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. निजामुद्दीनला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि सूर्याकडे सरळ बघता येत होतं. धूर होता, धुकं नव्हतं. जिभेवर फटाक्याच्या दारूची चव. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माताजी, मास्क लगा लो. ये दिल्ली है, यहाँ साँस भी छान के लेते हैं." यमुनेच्या पुलावर त्याने आपणहून वेग कमी केला. खाली पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता. "बर्फ़ गिरी है," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

शुभांगीवहिनींनी दारातच मिठी मारली. पोहे तयार होते, मटार घातलेले. आमच्याकडे पोह्यांत मटार घातले तर घरात पाहुणे आलेत की बाजार स्वस्त झालाय असं विचारतात. इथे नोव्हेंबरात मटार नसलेले पोहे म्हणजे आजाऱ्याचं जेवण. "खा ना ताई. बिल्कुल काही खाल्लेलं दिसत नाही तुम्ही." त्यांचे यजमान दौऱ्यावर होते. रेवा आतून आली, 'नमस्ते, मोठी मावशी' म्हणाली आणि माझ्या पिशवीकडे बघत उभी राहिली. मीनल तिची घरी मावशी होती, शाळेत मॅम. म्हणून मी मोठी मावशी. महिनाभरात मुलगी उंच झाली होती की बारीक, ते मला ठरवता येईना.

"उद्या मी तुमच्या शाळेत जाणारे," मी तिला म्हणाले. "पत्रं परत द्यायला."

तिने आईकडे पाहिलं. वहिनींनी माझ्या बशीत आणखी पोहे वाढले.

मीनलचं घर शेजारीच, एका भिंतीपलीकडे. कुलूप काढून आत गेले. चहाचा कप विसळून पालथा ठेवलेला. अर्धवट तपासलेल्या वह्या. आणि लाल लोकरीचा एक गुंडा, ज्यातून बोटभर लांबीचे धागे कापून घेतलेले.

हा लोकरीचा प्रकार सांगायला हवा. मीनल सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवायची, पण तिचं खरं काम आठवड्यातल्या दोन तासांत होतं. त्या तासांना धडा नसे. वर्गातल्या कपाटात तिने कादंबऱ्या जमवल्या होत्या, बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या. परीकथांत मन रमत नाही आणि मोठ्यांची पुस्तकं हाती लागत नाहीत, त्या वयाच्या. त्यांत आईबाप वेगळे होतात, मित्र फसवतो, आजोबा नातवाला ओळखेनासे होतात, आणि माणसं मरतात. मी एकतीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होते. या पुस्तकांना मी 'मधली पुस्तकं' म्हणायचे, जरा तुच्छतेनेच. मीनल म्हणायची, "ताई, सगळं मधेच घडतं."

प्रत्येक पुस्तकात तिने एका पानावर लाल धागा ठेवलेला असे. त्याला ती 'सोबतीचं पान' म्हणायची, मुलं म्हणायची 'साथ वाला पन्ना'. वाचता वाचता मूल त्या धाग्याशी आलं की त्याने धागा काढून बाकावर ठेवायचा. मग ज्याने ते पुस्तक आधी वाचलंय, त्याने आपल्या जागेवरून उठायचं आणि धागेवाल्याच्या शेजारी जाऊन बसायचं. बोलायचं नाही. समजवायचं नाही. फक्त पान संपेपर्यंत बसायचं. मग धागा परत पुस्तकात. एवढाच नियम. तो तिने कुठल्या प्रशिक्षणात शिकला नव्हता. तो कुठून आला ते मला माहीत आहे. ते नंतर.

शाळा बंद

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सगळ्यांचे फोन वाजले. हवा वाईट म्हणून शाळा बंद, वर्ग घरून. वहिनी म्हणाल्या, "चलो, झालं. आता दोन-तीन दिवस हेच." आमच्याकडे शाळा पुरामुळे बंद होते, पाणी दिसतं, उतरतं, चिखल काढता येतो. इथे खिडक्या घट्ट लावून घेतात आणि फोनवर हवेचा आकडा बघत बसतात.

रेवा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली. मी पलीकडच्या खुर्चीवर, पडद्यात येणार नाही अशी. चौकोनांतून मुलं दिसत होती. एक पराठा खात होता, एकीच्या मांडीवर मांजर होतं. हिंदीच्या बाई मुहावरे शिकवत होत्या. मधेच एका मुलाचा आवाज आला, "मॅम, मीनल मॅम का रिप्लाय आया? हमने चिट्ठी भेजी थी."

"आएगा बेटा, जल्दी आएगा. चलो, सब म्यूट करो."

"मॅम, रेवा को पता होगा. रेवा, तू तो उन्हीं की बिल्डिंग में रहती है."

"म्यूट करो, साहिल."

रेवाचा कॅमेरा बंद होता. ती वहीत लिहिल्यासारखं करत होती. पेनाला टोपण लावलेलं होतं.

मी उठून बाल्कनीत गेले. जन्मभर कुणावर ओरडले नाही. ग्रंथालयात कोण ओरडतो? पण त्या क्षणी मला तो लॅपटॉप चौथ्या मजल्यावरून खाली फेकावासा वाटला. आणि मग आठवलं, 'आपको जो ठीक लगे'.

दुपारी दूध आणायला निघालो, रेवा आणि मी. लिफ्ट बंद पडली होती. रेवा तिच्या दाराशी उभी राहिली, बटण पुन्हापुन्हा दाबत.

"जिन्याने जाऊ या की," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता चूक कळली.

"मी लिफ्टनेच जाते," ती म्हणाली. "बंद असली तर नाही जात."

मी पायरीवर बसले. गुडघ्यांचं निमित्त होतं. बऱ्याच वेळाने तीही बसली, एक पायरी वर.

"मी शूजची लेस बांधत होते," ती म्हणाली. "मावशी म्हणाली, चल गं, लवकर. मी म्हटलं, एक मिनिट यार. मग आवाज आला."

मी काही बोलले नाही. मीनलचा नियम होता.

"सगळे रोज विचारतात, मॅम कब आएँगी. मी म्हणते, पता नहीं. ते खोटं नाही ना, मोठी मावशी? कधी येणार, ते मला पता नहीं."

"खोटं नाही."

"मम्मीने गॉड प्रॉमिस घेतलंय. चिट्ठी लिहायची होती तेव्हा मी खूप विचार केला. सगळी वाक्यं खोटी येत होती. 'आप कैसी हैं', हे पण खोटंच."

ती दप्तर बरोबर घेऊन आली होती, दूध आणायला जाताना. मी विचारलं का. तिने आतलं एक पुस्तक दाखवलं, मीनलने त्या बुधवारच्या आदल्या दिवशी दिलेलं. लाल धागा अजून पुढच्या पानांत होता. ती त्याच्या आधीच थांबली होती. मी सहज पुस्तक हातात घेऊ लागले तर तिने ते छातीशी धरलं.

संध्याकाळी मी वहिनींशी बोलले. त्यांनी कणीक मळता मळता ऐकून घेतलं.

"ताई, मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? पोरगी डबा तसाच परत आणते. पण मला शाळेत बोलावून सांगितलं त्यांनी, कुठे बोलायचं नाही. ही शाळा आम्हाला तीन वर्षं फेऱ्या मारून मिळाली. आणि..." त्या थांबल्या.

"बोला."

"आणि त्या म्हणाल्या, फॅमिलीची परमिशन आहे. तुमचं नाव घेतलं. म्हटलं, सख्खी बहीणच हो म्हणतेय, तर मी कोण?"

मी परात माझ्याकडे ओढली आणि उरलेली कणीक मळली.

करोल बाग

तिसऱ्या दिवशीही शाळा बंद. माझ्याकडे मिरजेचा स्वेटर होता, म्हणजे नावाचाच स्वेटर. वहिनी मला आणि रेवाला मेट्रोने करोल बागेत घेऊन गेल्या. गर्दीत दुकानदार हात धरून आत ओढतात. आमच्याकडचा दुकानदार गिऱ्हाईक आलं तरी पेपर खाली ठेवत नाही. छोले-भटुरे खाल्ले. भटुरा माझ्या तोंडाएवढा होता. रेवाने अर्धा खाल्ला आणि वहिनींनी तो अर्धा भटुरा असा पाहिला की जणू मुलगी पहिली आली.

स्वेटरच्या दुकानातले सरदारजी साठीचे. वहिनींनी त्यांना मी कशासाठी आले ते सांगून टाकलं. दिल्लीत राहून त्यांना दुकानात मन मोकळं करायची सवय लागली आहे. सरदारजींनी मापाची टेप खाली ठेवली.

"आपसे छोटी थीं? ओहो. ये उल्टा हो गया, बहनजी." मग म्हणाले, "मेरी माँ गर्मियों में गुज़रीं. मैंने शटर पे काग़ज़ चिपका दिया. माताजी नहीं रहीं, भोग का पाठ फलाने दिन, इतने बजे. जो सामान लेने आया, वो भी बैठ गया. जिनको मैं जानता नहीं था, वो भी बैठे."

"बच्चे भी?" मी विचारलं.

"बच्चे क्यों नहीं? बच्चे जूते सँभाल रहे थे."

त्यांनी स्वेटर बांधून दिला. राखाडी आहे. रेवाने निवडला. मेट्रोत परत येताना मी तिला विचारलं, आत्ता जिथे पाय ठेवलास त्या दाराच्या कडेला मराठीत काय म्हणतात माहीत आहे का. तिला 'उंबरठा' माहीत नव्हता. मीनलला हे कळलं असतं तर तिने तिथेच शिकवणी सुरू केली असती.

आता ते राहिलेलं. आमचे अप्पा गेले तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मीनल नऊची. मोठ्यांनी ठरवलं, धाकटीला सांगायचं नाही. तिला शेजारी धाडलं आणि अप्पा हुबळीला इलाजाला गेलेत हे सांगायचं काम माझ्यावर आलं. माझं ती ऐकायची. अकरा दिवस ती तिथे अप्पांसाठी रोजचा पेपर घडी घालून ठेवत होती. परत आल्यावर वाचतील म्हणून. अकराव्या दिवशी शाळेत पाण्याच्या टाकीपाशी एका मुलीने तिला सांगितलं. ती शेजारून पेपरांची चळत उचलून घरी आली आणि तिने ती माझ्यासमोर ठेवली. खरं का, असं तिने विचारलंच नाही. तिने विचारलं, "तुला माहीत होतं?"

त्यानंतर त्रेचाळीस वर्षांत तो विषय तिने काढला नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मरणाची पुस्तकं वाचायला देत राहिली आणि त्यांच्या शेजारी कोणीतरी बसेल याची व्यवस्था करत राहिली. तिच्या मरणाबद्दल त्याच मुलांशी खोटं बोलायला मी परवानगी दिली. दुसऱ्यांदा.

नोएडा

चौथ्या दिवशी शाळा उघडली. नदीच्या या अंगाला, नोएडात, मेट्रो स्टेशनपासून सायकलरिक्षाने दहा मिनिटं. फाटकाबाहेर कुलचेवाला, आत गवत इतकं हिरवं की खोटं वाटावं. ते खोटंच होतं.

स्टाफरूमच्या दारावरून जाताना मला दिसलं की दाराच्या काचेला आतून तपकिरी कागद चिकटवलाय. कागदाचा एक कोपरा सुटला होता. त्यातून भिंतीवर मीनलचा फोटो दिसला, हार घातलेला. फोटोपुढे उदबत्तीचं घर होतं. मुलांना दिसू नये म्हणून काच झाकली होती. शिक्षकांना शोक करायचा होता, फक्त आवाज न करता, कागदाआड.

प्रिन्सिपलबाई सौजन्याने वागल्या. चहा आला, बिस्किटं आली. फोनवरचा मऊ आवाज हाच. मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, मुलांना आज सांगा. त्या मराठीत नव्हत्या बोलत, पण त्यांचं म्हणणं मी मराठीत देते, कारण असं बोलणं कुठल्याही भाषेत सारखंच असतं. योग्य वेळी सांगू. समुपदेशकांचं मत घेतोय. वार्षिक संमेलनानंतर बघू. पालक फार संवेदनशील आहेत; मॅमच्या पुस्तकांबद्दलसुद्धा तक्रार आली होती, एक मुलगी घरी जाऊन रडली म्हणून.

"पुस्तक वाचून रडली?" मी विचारलं.

"जी."

"फिर?"

"फिर क्या? रोई तो," त्या म्हणाल्या, जणू गुन्हा सिद्ध झाला.

"मैंने फ़ोन पर हाँ बोला था. वो मैं वापस लेती हूँ."

त्यांनी घड्याळ पाहिलं. पत्रं परत द्यायला पाच मिनिटं वर्गात जा, म्हणाल्या. को-ऑर्डिनेटर बरोबर असतील. मुलांना एवढंच सांगा की मॅमना पत्रं आवडली. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यांनी ते हो धरलं. माझ्याबद्दल लोकांची नेहमी हीच चूक होते. या वेळी ती मी दुरुस्त केली नाही.

सातवी 'क'चा वर्ग पहिल्या मजल्यावर. कोपऱ्यात मीनलचं लोखंडी कपाट, कुलूप लावलेलं, त्याच्यावर 'रिक्त स्थान भरो'च्या छापील कागदांचे गठ्ठे. मुलं उभी राहिली. रेवा खिडकीशी, दुसऱ्या बाकावर, एकटी.

"मैं मीनल मॅम की बड़ी बहन," मी म्हणाले.

एकदम गलका झाला. "मॅम कैसी हैं?" "मॅम आईं क्या?" "आंटी, आप बिल्कुल मॅम जैसी बोलती हो!" मागून कोणीतरी, "आंटी, मॅम को बोलो, अलमारी की चाबी तो भेज दें!" सगळे हसले.

माझी हिंदी मिरजेच्या बाजाराची. मी वाक्य येताना रिक्षात जुळवलं होतं. मीनलच्या वर्गात 'देवाघरी गेले', 'सोडून गेले' असं म्हणायला मनाई होती. माणूस मेला तर मेला म्हणायचं. मी तेच म्हणाले.

"मीनल मॅम मर गईं. उस बुधवार को, जब से वो आई नहीं. घर के ज़ीने में गिरीं. दिल का दौरा था. तुमको जो बताया, वो झूठ था. मुझसे पूछा था, मैंने हाँ बोला था. वो मेरी ग़लती है."

दारातून को-ऑर्डिनेटर म्हणाल्या, "मॅम, प्लीज़."

खालच्या मैदानात शिट्टी वाजली. मग शेवटच्या बाकावरचा साहिल उभा राहिला. आवाज फुटायच्या वयाचा.

"तो फिर चिट्ठी क्यों लिखवाई?" तो म्हणाला. "नंबर भी दिए!"

"मुझे पूरे पाँच मिले थे," पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली आणि रडायला लागली.

मला वाटलं होतं, एवढंच. खरं सांगितलं की झालं. मी पुढचा विचारच केला नव्हता. आणि मग मधल्या रांगेतून कोणीतरी, मोठ्याने नाही, म्हणालं, "रेवा. तुझे पता था?"

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या.

तो प्रश्न मी आधी ऐकलेला होता, शब्दाला शब्द. रेवाचा चेहरा कागदासारखा झाला होता. माझ्या मुक्कामाचं कारण ती होती, आणि मीच तिला अडतीस मुलांच्या मधोमध उभं केलं होतं.

मी पाकिटातून तिचं पत्र काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"उसको पता था. उसके सामने हुआ. उसको बड़ों ने बोलने नहीं दिया, मैं भी उन बड़ों में हूँ. ये उसकी चिट्ठी है. देखो. नाम लिखा है, प्रणाम लिखा है, बाकी कुछ नहीं. हम सबने झूठ बोला, इसने एक लाइन भी झूठ नहीं लिखी. इसको पाँच में से दो मिले."

साहिल अजून उभाच होता. को-ऑर्डिनेटर दोन पावलं आत आल्या आणि का कोण जाणे, थांबल्या.

रेवाने दप्तर उघडलं. ते पुस्तक काढलं, धाग्याच्या पानाशी उघडलं, आणि लाल धागा बाकावर ठेवला.

मुलं त्या धाग्याकडे बघत राहिली. एक महिना त्या वर्गात धागा निघालेला नव्हता. मग साहिलने मान पुढे काढून पुस्तकाचं कव्हर पाहिलं.

"ये वाली मैंने पढ़ी है," तो म्हणाला, जरा वैतागल्यासारखा, आणि बाकांमधून वाट काढत येऊन तिच्या शेजारी बसला. काही बोलला नाही. रेवा वाचू लागली. अश्रू पानावर पडत होते आणि ती ते पुसत नव्हती.

मी फळ्यापाशी उभी होते, सदतीस पत्रं हातात घेऊन. पाच गुण मिळालेली मुलगी बाकावर सरकली आणि तिने मला जागा करून दिली. "आंटी, आप भी बैठ जाओ."

मी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. मी बसले.

परत

वहिनींना त्याच दुपारी शाळेतून बोलावणं आलं. घरी आल्या तेव्हा त्यांनी चप्पल काढायच्या आधी मला सुनावलं. "ताई, तुम्ही उद्या मिरजेला जाल. मला इथे राहायचंय. तुम्हाला राग काढायला शाळा मिळाली, मला काय?" त्यांचं चुकलं नव्हतं. मी ऐकून घेतलं. जेवताना त्या रेवाच्या ताटाकडे बघत होत्या. तिने दोन पोळ्या खाल्ल्या. वहिनींनी तिसरी न विचारता वाढली. सकाळी निघताना त्यांनी माझ्या हातात मुळ्याच्या पराठ्यांचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, "डबा परत आणून द्यायचा. पाठवायचा नाही."

मी शाळेला तीनदा पत्र लिहिलं आहे की ते कपाट मुलांसाठी उघडा. उत्तर आलेलं नाही. कपाट तिथेच आहे आणि त्याला कुलूप आहे. रेवा त्याच शाळेत आहे. ती अजून लिफ्टनेच जाते. सदतीस पत्रं मुलांनी आपापली परत घेतली. एक माझ्याकडे आहे. मीनल मेली आहे, आणि सातवी 'क'ला ते माहीत आहे.